तो शब्द सोडून वाच

प्रलयाच्या पाण्यात बुडत चाललेली विद्या ज्याने मत्स्यरूप घेऊन तारली, त्या श्रीनारायणाला साष्टांग वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. जगाच्या पालनकर्त्याला मासा होताना संकोच वाटला नाही. पुढचे सारे त्याच्या साक्षीने लिहायचे आहे, म्हणून हे प्रथम.

आज ऋषिपंचमी. नांगराखालच्या जमिनीतले काही न खाण्याचा दिवस. आत सून देवधान शिजवीत आहे. देवधान म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडच्या तलावांत आपोआप उगवणारा रानभात. त्याला कोणी पेरीत नाही. दाणा तांबूस, बारीक. त्याला लांब कुसे, हाताला टोचणारी. पिकला की वाऱ्याच्या झुळकीनेही गळून पाण्यात जातो. म्हणून आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, बायका आश्विनात छातीभर पाण्यात शिरून हिरव्या लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवतात आणि पुढे पिकल्यावर त्या टोपलीत झोडतात. माझी आई हेच करीत असे. तिच्या बोटांच्या पेरांत मोडलेली कुसे वर्षभर असत.

अशाच एका ऋषिपंचमीला भंडाऱ्यातल्या एका दिवाणखान्यात मला उभे करून, हा एक शब्द वगळून माझी कविता वाचावयास लावली.

मी सोळा वर्षांचा होतो. दिघोरीजवळच्या आमच्या गावातून संस्कृत शिकण्यासाठी भंडाऱ्यास आलो होतो. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांना सारे शास्त्रीबुवा म्हणत. विद्वान पुरुष. माझ्यासारख्याला शिकविण्यास त्यांनी नकार दिला नाही, हे त्यांचे ऋण मी आजही मान्य करतो. इतर विद्यार्थी आत सतरंजीवर बसत, मी ओसरीवर बसत असे. मधला दरवाजा उघडा ठेवीत. आवाज नीट येई.

दर ऋषिपंचमीला सकाळी त्यांच्या घरी काव्यसभा भरे. त्या वर्षी मला प्रथमच आत बोलावले. मी वसंततिलका वृत्तात आमच्या गावच्या तलावावर श्लोक रचले होते. महिनाभर लघु-गुरू मोजले होते, रस्त्याने चालताना, आंघोळ करताना, जेवताना. पहिल्या दोन ओळी अशा:

हे देवधान उगवे जळमाजि कोणी
ना पेरिता न जपता, भरते शिदोरी.

पहिली ओळ संपली आणि शास्त्रीबुवांनी हात वर केला.

"काय उगवतं?"

"देवधान," मी म्हणालो.

"ते काय असतं?"

सभेतून कोणीतरी उत्तर दिले, "ढिवरांचा भात, बुवा." हशा पिकला. मोठा नव्हे. पंधरा-वीस माणसे सभ्यपणे हसली. सभ्य माणसांचे हसणे लवकर थांबते, आणि थांबल्यावर तुमच्याकडे पाहत राहते.

शास्त्रीबुवा हसले नाहीत. ते शांतपणे समजावून सांगू लागले. तेच अधिक लागले. "ह्याला ग्राम्य दोष म्हणतात. गावंढळ शब्दाने काव्य बाटतं. वृत्त निर्दोष आहे. पण बाळ, छंद तुला आला, चव नाही आली. ती शिकून येत नसते. ती जन्मासोबत येते."

मी मान खाली घातली. मला वाटले, झाले. आता बसू देतील.

"आता पुन्हा वाच," ते म्हणाले. "तो शब्द सोडून वाच. जिथे येतो तिथे नुसता थांब. म्हणजे ओळ किती स्वच्छ होते ते तुझं तुलाच कळेल."

मी वाचले. हे, आणि थांबलो. चार अक्षरांइतका थांबलो. मग उगवे जळमाजि कोणी. पुन्हा हशा. पुढच्या श्लोकांत तो शब्द आणखी तीनदा येत होता. तीनदा थांबलो. चौथ्या वेळी तर सभेतले काही जण मी थांबण्याच्या आधीच हसू लागले.

त्याच वेळी आतून शास्त्रीबुवांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, देवधानवाली आली आहे मागे. दोन पायल्या घेऊ का? पारण्याला पाहुणे आहेत."

"घे, घे," शास्त्रीबुवा म्हणाले.

कोणीही हसले नाही. तोच शब्द. त्याच छपराखाली. बाईंच्या तोंडून आला तेव्हा त्याला दोष लागला नाही, कारण तेव्हा तो शब्द पोटात जायचा होता.

मागच्या दाराशी बसलेली ती देवधानवाली माझी आई होती.

संध्याकाळी एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. रिकामी टोपली तिच्या मांडीवर. ती पदराने टोपली पुसत होती. मग म्हणाली, "बापू, आवाज त तुहा खनखनीत येऊन राहिला होता. पन मधात मधात थांबत काहून होतास? इसरला होतास का?"

मी म्हणालो, "हो माय. इसरलो."

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले नीट पाठ कर."

त्या रात्री शास्त्रीबुवांच्या घरी ताटे वाढली गेली असतील. ज्यांनी मला चव नाही असे सांगितले, त्यांच्या जिभेवर माझ्या आईने झोडलेला भात असेल. तो त्यांना गोड लागला असेल. काव्याच्या आस्वादाला आमच्या शास्त्राने जिभेचाच शब्द दिला आहे: रस. त्या जिभेने आमचे अन्न चाखले आणि आमचे नाव थुंकले.

इथपर्यंत अपमान दुसऱ्यांनी केला. पुढचा मी केला, आणि तो अधिक काळ चालला.

पुढे वाचनात मला कळले की देवधानाला संस्कृतात एक नाव आहे. नीवार. जुन्या आश्रमांतले ऋषी जे खात, जे हरिणांच्या पाडसांना मुठीने भरवीत, ते नीवार. म्हणजे आमच्याच तलावातले गवत. मी ओळ बदलली. नीवार हा उगवतो जळमाजि कोणी. लघु-गुरू चोख बसले. कान तृप्त झाले.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवाणखान्यात तेच श्लोक वाचले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले. "तपोवनाचा सुगंध आला." गेल्या वर्षी हसलेल्यांनी माना डोलावल्या. एकालाही कळले नाही की हा तोच भात आहे. मला ओसरीवरून सतरंजीवर घेण्यात आले.

त्या दिवशी मला किंमत कशी ठरते ते समजले. शब्द कोणत्या दाराने येतो, तेवढेच पाहतात. समजले, आणि मी त्याचा धिक्कार केला नाही. मी त्याचा धंदा केला.

चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. नित्य पूजा केली, सोवळे पाळले, तीन काव्यसंग्रह छापले. परीक्षणकर्त्यांनी माझ्या भाषेला शुचिर्भूत म्हटले. त्या विशेषणासाठी मी काय धुऊन काढले होते, ते त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. जिल्ह्यातल्या स्पर्धांना परीक्षक म्हणून मला बोलावू लागले. माझी एक खूण प्रसिद्ध होती. लाल शाई. कागदाच्या समासात एक अक्षर आणि एक टिंब: 'ग्रा.' म्हणजे ग्राम्य. शेकडो वह्यांवर, हस्तलिखितांवर मी ती उमटविली. लिहिणारे बहुधा आमच्याचकडचे असत. मला त्यांचे शब्द चटकन सापडत. सापडणारच. ते मी आईच्या दुधासोबत प्यालो होतो.

आई गेली तेव्हा मी एका काव्यसभेचा अध्यक्ष म्हणून नागपुरास होतो.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट.

भंडाऱ्यातल्या एका साहित्यसंस्थेने जिल्ह्यातल्या कवींची स्पर्धा घेतली. निवडक कवितांचे पुस्तक निघणार होते. परीक्षक तिघे. मी, महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, आणि संस्थेचे चिटणीस. आलेल्या कवितांत एक दिघोरीकडच्या बाईची होती. नाव शेवंता. शाळेत पोरांची खिचडी शिजविते. कविता तिच्याच बोलीत होती. सुरुवात अशी:

देवधानाले कोनी पेरत नाही,
देवधानाले कोनी पुसत नाही.
म्या जुडी बांधली नसती
त थे पान्यातच गेलं असतं.
मले बी कोनी जुडीत बांधलं नाही माय,
मी दानादाना सांडत गेली.

मी कविता वाचली. दोनदा वाचली. शेवटच्या दोन ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या. आणि माझ्या हाताने, हाताला जी सवय होती त्याप्रमाणे, देवधान, थे, मले यांच्यासमोर चार ठिकाणी लाल शाईने 'ग्रा.' लिहिले. खाली सूचना लिहिली, देवधानाऐवजी नीवार करावे.

कविता इतर दोघांनाही आवडली होती. पहिला क्रमांक तिलाच द्यावा असे ठरले, मात्र भाषा सुधारण्याच्या अटीवर. चिटणीसांनी माझ्या खुणांसह कागद तिला पाठविला आणि कार्यालयात बोलावून घेतले.

ती एसटीने आली. चाळिशीची बाई, उभट चेहऱ्याची. चपला दाराबाहेर काढून आत आली. आम्हा तिघांच्याही पायांत चपला होत्या.

"बसा," मी म्हणालो.

"उभीच बरी हावो," ती म्हणाली.

चिटणीस म्हणाले, "शेवंताबाई, अभिनंदन. पहिला नंबर तुमचाच. फक्त भाषा थोडी नीट करून घेऊ. पुस्तकात छापायची आहे ना."

"कोनती भाषा?"

प्राध्यापक म्हणाले, "मलेचं मला होईल. आणि देवधानाच्या जागी नीवार. सरांनी सुचवलाय. किती सुंदर शब्द आहे बघा."

तिने माझ्याकडे पाहिले. "नीवार म्हंजे का होते, गुरुजी?"

"देवधानच," मी म्हणालो.

"थेच आहे, त मंग नाव काहून बदलवता? पोलीस मांगं लागले का त्याच्या?"

चिटणीस मोठ्याने हसले. मीही हसलो. ती हसली नाही. तिने पिशवीतून तो कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"आनि हे 'ग्रा.' का होते? चार जाग्यावर हाय."

"ग्राम्य," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"गावचं."

"मंग बरोबर लिवलं तुमी," ती म्हणाली. "गावचंच हाय थे." आणि थोडे थांबून, कागदावर बोट ठेवून तिने विचारले, "पन लाल शाईनं काहून लिवलं?"

मी अनेक सभांत शास्त्रार्थ केला आहे. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष केले आहेत. आता मात्र मी पेनाचे टोपण लावीत-काढीत राहिलो. शास्त्रातच सांगितले आहे की बोलणारा जसा असेल तसा शब्द त्याला शोभतो, आणि गावच्या माणसाच्या तोंडी गावचा शब्द हा दोष राहत नाही. हे मी चाळीस वर्षे मुलांना शिकविले. नाटकांतल्या कोळ्यांना आणि गुराख्यांना ही सवलत मी दिली. समोर उभ्या असलेल्या जिवंत बाईला दिली नाही.

माझी अडचण ओळखून प्राध्यापक मदतीस आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मनाने वाईट नाहीत. म्हणूनच त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहितो.

"बाई, काव्याचे गुणदोष जाणकारांनी ठरवायचे असतात. ह्या सरांकडे बघा. तेही तुमच्यातलेच, ढिवरांच्या घरातले. पण साऱ्या आयुष्यात एका ओळीला वास येऊ दिला नाही त्यांनी."

त्यांना वाटले, ही माझी स्तुती आहे. माझ्या साऱ्या तपश्चर्येचे फळ म्हणजे हे वाक्य होते. वास येऊ दिला नाही. ज्या टोपलीवर मी वाढलो, तिचा वास.

खांद्यावरचा हात तसाच होता. ते पुढे म्हणाले, "असं करा, एकदा वाचून दाखवा. तो शब्द सोडून वाचा. म्हणजे तुम्हालाच कळेल, तिथे नीवार किती छान बसतो."

हे शब्द त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते कोणालाच सांगावे लागत नाहीत. ते एका पिढीच्या तोंडून दुसऱ्या पिढीच्या तोंडात आपोआप उगवतात, न पेरता.

शेवंताने कागद उचलला. ओठ उघडले. आणि थांबली. चार अक्षरांइतकी थांबली.

त्या शांततेत मला एसटीचा मागचा बाक ऐकू आला. मधात मधात थांबत काहून होतास?

मी खांद्यावरचा हात काढून ठेवला आणि उभा राहिलो.

"त्या थांबणार नाहीत," मी म्हणालो. "मी एकदा थांबलो होतो. तेवढे पुरे झाले."

मग मी माझी ओळ म्हटली. हे देवधान उगवे जळमाजि कोणी. सोळाव्या वर्षानंतर प्रथमच पूर्ण म्हटली. वृत्त कुठेही मोडले नाही.

प्राध्यापक गोंधळले. "पण सर, तुमच्या संग्रहात तर नीवार आहे."

"तो माझ्या आईच्या टोपलीतला भात आहे. तुमच्यासाठी त्याला धोतर नेसवले होते. ऋषिपंचमी येते आहे. वहिनी दरवर्षी बाजारातून आणतात ना?"

"आणतात."

"काय म्हणून मागतात? नीवार द्या म्हणतात?"

मी लाल शाईचे पेन घेऊन तिच्या कागदावरचे माझे चारही 'ग्रा.' खोडले. खालची सूचनाही खोडली. म्हणालो, "कविता आहे तशी छापा. तिच्यात दोष होता तो एवढाच, आणि तो माझ्या अक्षरात होता."

चिटणीसांनी घड्याळ पाहिले. "सर, भावनेच्या भरात नको. ग्रंथाला एक दर्जा असतो."

"मग निकालावर माझी सही नाही."

"मग दुसऱ्यांची घेऊ," ते म्हणाले. आवाज चढविला नाही. चढविण्याची गरज नव्हती.

त्यांनी घेतली. चार दिवसांनी निकाल मोबाइलवर आला. पहिला क्रमांक तपोवनावरच्या एका कवितेला. शेवंताची कविता पुस्तकात नाही. कारण दिले होते, भाषेची अडचण. माझे नाव परीक्षकांतून काढले होते. वर मनःपूर्वक आभार मानले होते.

मी सही नाकारली त्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्यांवर ती चपला घालीत होती. मी मागोमाग गेलो. मला वाटले होते, ती काही बोलेल. आजही सांगावयास लाज वाटते, पण मला वाटले होते की ती माझे आभार मानेल.

ती म्हणाली, "आज बोल्ले तुमी, बरं झालं. पन माह्या कवितेवर पयले तुमीच लिवलं होतं, गुरुजी. त्याहिनं त मांगून वाचलं."

आणि बसस्थानकाकडे निघून गेली. मागे वळून पाहिले नाही. तिने मला क्षमा केली नाही. करू नये. ज्या वह्यांवर मी ते एक अक्षर लिहिले, त्यांतल्या कित्येकांनी पुढे लिहिणे सोडले असेल. त्यांची नावेही मला आठवत नाहीत. त्यांचे शब्द पाण्यात गळून गेले. जुडी बांधणे माझ्या हाती होते. मी खुडून टाकीत बसलो.

म्हणून आज, या तिथीला, देवापुढे बसून लिहितो. माझ्या संग्रहांतला प्रत्येक नीवार मी माझ्या हाताने खोडून तिथे देवधान लिहीन, आणि पुन्हा छापून घेईन. ते कोणी वाचले नाही तरी चालेल. संस्थेने पूर्वी दिलेली शाल काल परत पाठविली. ज्या आसनावर बसून माणसाला त्याचा शब्द सोडून वाचावयास सांगावे लागते, त्या आसनावर मी पुन्हा बसणार नाही. पण सभेस मात्र जाईन. प्रत्येक सभेस जाईन, पहिल्या रांगेत बसेन, आणि कोणी कोणाला थांबविले तर तो गाळलेला शब्द मी खालून मोठ्याने म्हणेन. ते मला म्हातारचळ लागला म्हणतील. म्हणोत. दम आहे तोवर म्हणेन. लाल शाईची दौत आज सकाळी मोरीत ओतली.

आणि माय, तुला एक सांगायचे राहिले. एसटीत मी खोटे बोललो. मी इसरलो नव्हतो. मले थांबवलं होतं. आणि मंग मीच थांबून राहिलो.

वाचणाऱ्या, तुझे कल्याण असो. तुझ्या घरी न पेरलेल्या अन्नाचीही कधी वाण न पडो. ते आणणाऱ्या बाईला समोरच्या दाराने आत घेण्याचे बळ तो मत्स्यरूपी नारायण तुला देवो. आणि तुझ्या घरातल्या एकाही लेकरावर, आपल्या आईच्या भाताचे नाव घेताना, चार अक्षरांइतके थांबण्याची वेळ न येवो.